दोन्ही पाय टेकतात

सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवताना धाकटीने, मीठ पुढे सरकव म्हणावं इतक्या सहज, सांगून टाकलं की ती मोटरसायकल घेणार आहे. सुपरमोटो. जुनी चालेल पण चांगली हवी, आणि ती ताईने निवडून द्यायची. आईने विचारलं, हे कसलं नवीन खूळ? तर धाकटी म्हणाली, ताईला विचार, तिला सगळं माहीत आहे. थोरलीच्या तोंडात घास होता. तो गिळायला तिला बराच वेळ लागला.

सगळं माहीत होतं हे मात्र खरं. मातीत उड्या मारायला केलेली उंच, सडपातळ गाडी घ्यायची, तिची मोठी काटेरी चाकं काढून रस्त्यावरची लहान, रुंद चाकं बसवायची, की झाली सुपरमोटो. एकच सिलिंडर, हलकं अंग, वेग बेताचा. पण वळणावर तिचा हात धरणारी दुसरी गाडी नाही. हे थोरलीने आईला नऊ वर्षांत निदान पन्नास वेळा समजावून सांगितलं होतं. कारखान्यातल्या तिच्या हत्यारांच्या कपाटाला आतून अशा गाडीचं चित्र चिकटवलेलं होतं, आणि तेलकट बोटांनी त्याचे चारही कोपरे काळे झाले होते. पैसे दोनदा जमले. एकदा ते धाकटीच्या फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला गेले, एकदा गळक्या छताला. कुणी मागितले नव्हते, तिनेच पुढे केले होते; आणि 'माझं काय, मी नंतर घेईन' हेही तीच म्हणाली होती. ते वाक्य तिला आता जेवणाच्या ताटासमोर आठवलं.

धाकटीचं सगळं असंच. थोरली पोहायला शिकली, बक्षीस धाकटीने आणलं. थोरली दोन वर्षं केस कापू की नको करत राहिली, धाकटी एका संध्याकाळी कापून आली आणि वर ते तिला शोभले. आता हॉस्पिटलातल्या कुणा सहकाऱ्याने आपली गाडी तिला मागच्या आवारात चालवायला दिली म्हणे, आणि नऊ वर्षं थोरली जिच्यावर जीव टाकून होती तिच्या प्रेमात ही सहा मिनिटांत पडली. बरं, धाकटीच्या मनात काही वाईट असावं, तर तेही नाही. तसं असतं तर निदान भांडता आलं असतं. ती ताईला जीव लावून होती, ताईच्या शब्दाबाहेर नव्हती, आणि त्यामुळे थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला तरी चरफडायचं ते एकटीनेच.

शिवाय उंची. थोरली आईवर गेलेली, धाकटी वडिलांवर. सुपरमोटोची सीट उंच असते. पूर्वी एकदा थोरली दुकानात अशा गाडीवर बसायला गेली, तर विक्रेत्याने अगदी आदराने पायाखाली घ्यायला स्टूल आणून दिलं होतं. ती त्या दुकानात पुन्हा गेली नाही. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं आई म्हणते; धाकटीकडे आता दोन्ही होतं.

पण निवडायचं काम थोरलीचंच, यात कुणाला शंका नव्हती. ती ज्या कारखान्यात होती तिथे मोटरी आणि पाण्याचे पंप दुरुस्तीला येत, आणि मोटर उघडायच्या आधी तिचं दुखणं ओळखायचं काम थोरलीचं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे. कुठलं बेअरिंग गेलंय, कुठलं जायच्या बेतात आहे, ती नुसतं ऐकून सांगे, आणि सहसा चुकत नसे. सगळे तिला कानसेन म्हणत. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला मालक स्वतः सांगत, थांबा, कानसेनला ऐकू द्या. आयुष्यात ही एक गोष्ट अशी होती की जी धाकटीला जमत नव्हती.

धाकटीचं बजेट म्हणजे नव्या गाडीच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्यात जुनी सुपरमोटो बघायची तर डोळे उघडे आणि तोंड बंद ठेवायचं, असं थोरलीने बजावलं. पहिला नियम हा, की विकणाऱ्याला नमस्कार करायच्याही आधी इंजिनाला तळहात लावायचा. इंजिन गरम लागलं तर त्याने ते आपण यायच्या आधी सुरू करून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते उठत नाही. धाकटीने हे फोनमध्ये लिहून घेतलं. थोरलीला तेही आवडलं नाही. तिने स्वतः कधी काही लिहून घेतलं नव्हतं, हात भाजून शिकली होती.

पहिली गाडी जुन्या गाड्यांच्या दुकानात होती. ताजा लाल रंग, टायरना काळं पॉलिश, आणि इंजिन असं तापलेलं की थोरलीने हात झटकला. वरून कीर्तन आतून तमाशा. पाच मिनिटांत दोघी बाहेर. दुसरी एका शर्यतवाल्याची होती आणि किंमत ऐकून धाकटीचे डोळे चमकले, पण थोरलीने दोनच प्रश्न विचारले: तेल किती तासांनी बदलता, आणि पिस्टन कधी बदलला? शर्यतीची इंजिनं दिवसांवर नाही, तासांवर जगतात. शर्यतवाला प्रामाणिक निघाला, त्याने आकडे सांगितले. रोज हॉस्पिटलला जायला ती गाडी घेणं म्हणजे दारात हत्ती बांधणं होतं. धाकटी बसमध्ये म्हणाली, तू नसतीस तर मी हीच घेतली असती. खरं सांगायचं तर तोवर थोरलीला मजा येऊ लागली होती. गाड्या वाईट निघत होत्या आणि ती बरोबर ठरत होती, यापेक्षा माणसाला आणखी काय हवं?

तिसरी गाडी एका चष्मेवाल्याची होती. म्हातारा, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी, धुतलेल्या चादरीखाली गाडी उभी होती. थोरलीने तळहात ठेवला. इंजिन दगडासारखं थंड. चष्मेवाल्याने ते बघितलं आणि खुशीत मान हलवली. सकाळपासून मी तिला शिवलोसुद्धा नाही, म्हणाला. तो यंत्राचा आधार घेऊन उठला तेव्हा धाकटीने विचारलं, काका, उजवा खुबा ना? झालं. पुढची दहा मिनिटं ती त्याला भिंतीला धरून पाय मागे कसा न्यायचा ते दाखवत होती आणि तो शाळेतल्या मुलासारखं करून दाखवत होता. गाडी बघायला आलोय की लोकांची मनं जिंकायला, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती खाली बसून चेन तपासू लागली.

चेन नीट होती. चेनच्या चाकाचे दात नीट होते. पुढच्या दांड्यांतून तेल गळत नव्हतं, चाकं हलत नव्हती, हँडल मधोमध कुठे अडत नव्हतं. आणि वर एक वही. चष्म्यांच्या नंबरांसाठी असते तशी आखलेली: तारीख, काम, कारण, सही. अकरा वर्षांच्या नोंदी, एका हाताच्या, एका वळणाच्या. तेल बदललं, कारण: वेळ झाली. चेन बदलली, कारण: सैल. डावा आरसा बदलला, कारण: माझी चूक, दाराला लागला. प्रत्येक ओळीखाली सही, जणू उद्या कुणी साहेब तपासायला येणार आहे. थोरलीने नऊ वर्षं ज्या गाडीचं चित्र बघितलं होतं ती गाडी अशाच माणसाकडे असणार होती. किंमत धाकटीच्या बजेटपेक्षा जराशीच वर होती, म्हणजे बोलणी करून आत बसणारी.

धाकटी गाडीवर बसली आणि तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. टाचांसकट. ती काही न करता नुसती बसली आणि ते टेकले.

मग थोरली बसली. डाव्या पायाची बोटं टेकली, बाकी सगळं अधांतरी. पण गाडी सुरू झाल्यावर पाय टेकवायचे कशाला? चष्मेवाल्याने परवानगी दिली आणि ती निघाली. दोन गल्ल्या, पाण्याच्या टाकीला वळसा, बाजाराच्या मागचा खडबडीत रस्ता. गाडी विचाराआधी वळत होती. खड्डे होते असं नंतर आठवून तिच्या लक्षात आलं. टाकीच्या वळणावर ती हेल्मेटच्या आत मोठ्याने हसली, एकटीच, आणि हसता हसता तिला रडू आलं. हे माझं आहे, असं तिला वाटलं. कागदोपत्री नसेल, पण हे माझं आहे. परत वळली तेव्हा दुकानासमोर धाकटी आणि चष्मेवाला उभे होते, कशाला तरी दोघं हसत होते, आणि धाकटीने आत्तापासूनच हात पुढे केला होता, किल्ली घ्यायला.

थोरलीने इंजिन चालूच ठेवलं. पिशवीतून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक इंजिनाच्या उजव्या कुशीला लावलं, मूठ कानाला. आत सगळं जागच्या जागी फिरत होतं. इतकं स्वच्छ इंजिन तिने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. तिने डोळे मिटले, हवे त्यापेक्षा जास्त वेळ मिटून ठेवले, आणि उघडले.

"क्रँकचं बेअरिंग बोलतंय," ती म्हणाली. "उजवीकडचं. नको घेऊस."

क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटातला मुख्य दांडा. त्याचं बेअरिंग बदलायचं तर अख्खं इंजिन दोन भागांत उघडावं लागतं, म्हणजे दुरुस्तीत त्याहून मोठं काम नाही. तिने सगळ्यांत मोठं दुखणं निवडलं होतं, लहानसहान सांगितलं असतं तर धाकटी थांबली नसती. एवढ्यावर न थांबता ती म्हणाली की चालत्या गाडीत बेअरिंग अडकलं तर मागचं चाक जागच्या जागी थांबेल आणि तू रस्त्यावर आपटशील. चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला तर काहीच ऐकू येत नाही, म्हणाला, पण माझे कान आता तसे राहिलेत कुठे? धाकटीने पण मूठ कानाला लावून बघितली आणि स्क्रू ड्रायव्हर परत दिला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी: त्या रात्री थोरलीला छान झोप लागली. सकाळी तिने मनाला पटवायला एक कारणही शोधलं, की तिच्याकडे निम्मे पैसे आहेत, दोन महिन्यांत आणखी जमतील, मग तीच जाऊन ती गाडी घेईल. पाय पोचत नाहीत हे तिने या हिशोबात धरलं नाही. आणि मुळात तिला गाडी हवी होती असंही नाही. तिला ती धाकटीकडे नको होती. जिन्याखाली ती गाडी उभी आहे आणि रोज सकाळी धाकटी ती काढून निघून जातेय, हे तिला डोळ्यांनी बघवलं नसतं. एवढंच होतं ते. बाकी सगळी सारवासारव.

तीन दिवसांनी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक इंजिन वळलं. बघायच्या आधीच तिने ओळखलं. हातातलं भांडं ओट्यावर ठेवून ती जिन्यावर आली तर धाकटी खाली गाडीवर बसलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हेल्मेट मांडीवर, चेहरा नुसता फुललेला. आई शेजारी उभी राहून गाडीला लांबूनच बोट लावत होती.

धाकटीने एका दमात सगळं सांगितलं. त्या गाडीशिवाय दुसरी आवडेना. मग तिला सुचलं की दोष असला तर असेना, दोष बरा करणारी आपल्या घरातच आहे. ती परत गेली आणि चष्मेवाल्याला सरळ म्हणाली, बेअरिंगचं धरून किंमत करा. तर त्याने घासाघीस केलीच नाही. उलट स्वतःहून बरीच किंमत उतरवली, नव्या बेअरिंगचे पैसेही त्यातच धरले, आणि वर माफी मागितली. दोघी गेल्यावर त्याने म्हणे अकरा वर्षांची वही पहिल्या पानापासून चाळली, आणि त्याला सापडलं: चार वर्षांपूर्वी खुबा दुखत होता म्हणून एकदा तेल बदलायला अठरा दिवस उशीर झाला होता. तरीच, म्हणाला तो. तेव्हाच बेअरिंग दुखावलं असणार. तुमच्या बहिणीच्या कानाची कमाल आहे, असंही म्हणाला.

करायला गेलं एक आणि झालं भलतंच, पण हे भलतं इतकं असेल असं थोरलीला वाटलं नव्हतं. राहू दे की, ती म्हणाली, चालेल अजून वर्षभर, उगीच इंजिन कशाला उघडायचं? धाकटीने डोळे मोठे केले. चाक थांबेल आणि मी आपटेन असं तूच सांगितलंस ना? धाकटीने पिशवीतून नवं बेअरिंग काढलं, कागदात गुंडाळलेलं, आणि दोन्ही हातांनी तिच्याकडे दिलं. दुसऱ्या कुणाच्या हाती मी ही गाडी देणार नाही, म्हणाली.

पुढच्या सुट्टीला मालकांनी कारखान्याची किल्ली दिली. सकाळी आठला दोघी आत शिरल्या. नव्याने तार गुंडाळलेल्या मोटरींवरचं वार्निश सुकवायची भट्टी कोपऱ्यात, मधे लांब टेबल, वरून पांढरा उजेड. थोरलीने गाडीतून इंजिन उतरवलं, टेबलावर ठेवलं आणि एकेक बोल्ट पुठ्ठ्यात ज्या त्या जागी खोचत गेली. धाकटी बॅटरीचा झोत धरून उभी. ती काही विचारायची, थोरली एका शब्दात सांगायची. चांगलं इंजिन विनाकारण उघडणं हा काय प्रकार असतो ते थोरलीला माहीत होतं. निरोग्याचं पोट फाडण्यातलं होतं ते. आत सगळं मधाच्या रंगाचं, लख्ख, कुठे कण नाही. म्हाताऱ्याने खरंच जीव लावला होता.

"ताई, एक सांगू?" धाकटी म्हणाली. "परवा मलाही ऐकू आला तो आवाज."

थोरलीचा पाना थांबला.

धाकटी सांगत होती की गाडी घरी आल्यापासून ती रोज सकाळी ताई कामाला गेली की जिन्याखाली बसायची, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून. आधी दोन दिवस काहीच कळेना, तिला वाटलं आपले कान अगदीच ठोंबे आहेत. मग परवा एकदम कळला. खालून येतो, बारीक, खर्र असा. तिला इतका आनंद झाला की हॉस्पिटलात तिने सगळ्यांना सांगितलं, मला माझ्या बहिणीसारखं ऐकायला यायला लागलंय. हे सांगताना तिचे कान लाल झाले होते. त्याच वेळी थोरलीने बोलायला हवं होतं. ती म्हणाली, बॅटरी जरा वर धर.

इंजिनाचे दोन भाग सुटले. उजव्या भागात बेअरिंग बसलेलं होतं, घट्ट. आता ते काढायच्या दोन तऱ्हा. एक सोपी: मागून नळीचा तुकडा लावायचा आणि हातोडीचे चार टोले घालायचे. बेअरिंग निघतं, पण आतल्या गोळ्यांना मार बसतो, आणि मग चांगलं असलं तरी ते फिरताना खरखरतं. म्हणजे चार टोल्यांत थोरलीचं खोटं खरं झालं असतं. कुणाला काही कळलं नसतं, ना धाकटीला, ना चष्मेवाल्याला. तिने नळी घेतली. हातोडी उचलली. धाकटी बॅटरी धरून विश्वासाने बघत होती.

हातोडी उचललेली राहिली. याला कुणी चांगुलपणा म्हणू नये, चांगुलपणा असता तर तो आधीच कामी आला असता. पण नऊ वर्षांत या बाईने एकाही बेअरिंगवर हातोडी घातली नव्हती. घालणाऱ्यांना तिने याच टेबलापाशी उभं करून फैलावर घेतलं होतं. हात खाली येईना. तिने हातोडी ठेवली, इंजिनाचा तो भाग भट्टीत सारला आणि दार लावलं. वीस मिनिटं दोघी समोरासमोर बसून चहा प्यायल्या, आणि त्या वीस मिनिटांनंतर काय होणार आहे ते फक्त एकीला माहीत होतं.

धातू तापला की फुगतो आणि बेअरिंगची पकड सोडतो. थोरलीने जाड हातमोज्यांत तो भाग धरून लाकडावर उपडा टेकवला. टक् असा आवाज झाला आणि बेअरिंग आपोआप गळून पडलं, ओरखडासुद्धा न उमटता. ते निवल्यावर धाकटीने उचललं. मी ठेवणार हे, म्हणाली, किल्लीला लावणार. आणि तिने ते एका हाताच्या बोटात अडकवून दुसऱ्या हाताने फिरवलं.

ते फिरलं. फिरतच राहिलं. कारखान्यात इतकी शांतता होती की भट्टी निवताना तिचा पत्रा कडकडतो तेही ऐकू येत होतं, पण बेअरिंगचा आवाज नव्हता. धाकटीने ते कानाजवळ नेलं, पुन्हा फिरवलं. मग ताईकडे बघितलं.

"हे तर छान फिरतंय."

"हो."

"मग दोष कुठे आहे?"

"दोष नाही," थोरली म्हणाली. "तेव्हाही नव्हता. मी खोटं बोलले."

धाकटीला ते लगेच कळलं नाही. तिला वाटलं, ताई चुकली असं म्हणतेय, आणि चुकतं माणूस, असं म्हणायला तिने तोंड उघडलंसुद्धा. मग तिने ताईचा चेहरा बघितला.

"का?"

"तुझे दोन्ही पाय टेकले म्हणून."

एवढं बोलून थोरली थांबू शकली असती, पण आता सुटलंच होतं तर सगळं सुटलं. नऊ वर्षं, कपाटाचं चित्र, स्टूल, पोहण्याचं बक्षीस, केस, सगळं. मी जळते तुझ्यावर, ती म्हणाली, लहानपणापासून जळते, आणि तू इतकी चांगली वागतेस की मला जास्तच जळायला होतं. आवाज चढवून नाही, पाणी मागावं तशी म्हणाली. धाकटी ऐकत होती. बेअरिंग अजून तिच्या बोटात होतं.

"मग मला परवा काय ऐकू आलं?" तिने विचारलं.

धाकटी रागावली असती, काही फेकलं असतं, तर बरं झालं असतं. पण ती तेच विचारत राहिली, अगदी हळू, जणू आपल्याच कानांना: मी ऐकला ना तो आवाज. मला खरंच आला ना. मग धाकटीने बोटातून बेअरिंग काढलं आणि टेबलावर ठेवलं. जुनंच बसव, म्हणाली.

इंजिन पुन्हा जोडून गाडीत बसवेपर्यंत संध्याकाळ झाली. धाकटी शेवटपर्यंत बॅटरी धरून उभी होती, एकदाही हात हलला नाही, एकदाही बोलली नाही. सगळं झाल्यावर तिने पिशवीतून चष्मेवाल्याची वही काढली आणि उघडून ताईसमोर ठेवली. थोरलीने तारीख घातली. कामाच्या खाली लिहिलं: इंजिन उघडलं आणि बंद केलं. मग कारण. पेन बराच वेळ तिथे टेकून राहिलं, शाईचा ठिपका झाला. मग तिने 'मत्सर' असं लिहिलं आणि शेजारी सही केली.

वही घेऊन चष्मेवाल्याकडे ती एकटी गेली. किमतीतून त्याने जेवढे उतरवले होते तेवढे पैसे तिने आपल्या जमवलेल्या निम्म्या पैशांतून मोजून दिले. म्हाताऱ्याने ती ओळ जवळच्या चष्म्याने वाचली, मग दुसऱ्या चष्म्याने वाचली. म्हणजे त्या अठरा दिवसांनी काही झालं नव्हतं तर, एवढंच म्हणाला, आणि गल्ल्याला धरून हळूहळू खाली बसला. त्याने तिला पाणी दिलं. रागावला नाही, पण पुन्हा या असंही म्हणाला नाही.

घरी बोलणं बंद झालं नाही. धाकटी मीठ मागायची, आईच्या औषधाचं विचारायची, हॉस्पिटलातल्या गमती आईला सांगताना ताईकडेही बघायची. आईला काही कळलं नाही, किंवा कळूनही तिने विचारलं नाही. किल्ली खुंटीला असायची. तुला हवी तर घे, असं धाकटीने एकदा म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं होतं. थोरलीने घेतली नाही.

पुढच्या सुट्टीला सकाळी ती खिडकीत उभी होती. खाली धाकटीने गाडी जिन्याखालून काढली, इंजिनाला तळहात लावला, सुरू केलं. मग खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, तिने स्वतःसाठी विकत घेतलेला, लांब दांड्याचा. टोक इंजिनाला, मूठ कानाला. डोळे मिटून ती खूप वेळ बसली, एक बाजू झाली, दुसरी झाली. पूर्वीची ती असती तर केव्हाच खालून हाक मारली असती, ताई, जरा ऐकतेस का? आता तिने वर बघितलं, हात केला आणि दोन्ही पाय उचलून निघून गेली.

गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत थोरली ऐकत होती. टाकीच्या बाजूला गेल्यावरही ऐकू येत होतं. इंजिन अगदी बरोबर होतं, कुठे काही बोलत नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, आणि ते तिला कुणी विचारलं नव्हतं.